मालगाडीला मागून इंजिन लागतं

पत्र: ताई, मी ३१ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. कॉलेजपासूनचा आमचा सात जणांचा ग्रुप महिन्यातून एकदा तरी शनिवार-रविवार डोंगरात जातो. गेल्या दोन वर्षांत सगळ्यांचा वेग वाढला, माझा नाही. डिसेंबरात राजगड ते तोरणा केला. तोरण्याच्या बुधला माचीच्या अलीकडे मी पार मागे पडले. पाऊण तास एकटीच होते. अंधार पडला, आणि माझी बॅटरी दुसऱ्याच्या सॅकमध्ये. वर पोचले तर सगळे चहा करून बसलेले. म्हणाले, 'आली आपली मालगाडी!' मीही हसले. गुडघा ठणकत होता, पण बोलले नाही. आता फेब्रुवारीत सांदण दरी पूर्ण उतरून खाली डेहेणे गावात जायचं ठरतंय. एका मित्राने ऑनलाइन दोर मागवलाय. त्याचं म्हणणं, व्हिडिओ बघून सगळं शिकलोय, वाटाड्याला कशाला पैसे द्यायचे? मला जायचंही आहे आणि भीतीही वाटते. नाही म्हटलं तर ग्रुपपासून तुटेन, हो म्हटलं तर सगळ्यांच्या गळ्यात माझं लोढणं. काय करू? — मालगाडी, पुणे

प्रिय मालगाडी,

सहीसुद्धा तीच केलीस, म्हणजे शब्द लागलाय. लागू दे. पण तुझ्या मित्रांनी हे नाव अर्धवट माहितीवर ठेवलंय. मुंबईहून पुण्याला येणारी गाडी कर्जतला का थांबते, विचार त्यांना. वडा खायला नाही. बोरघाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट, म्हणून तिथे गाडीला मागून जादा इंजिन जोडतात. बँकर म्हणतात त्याला. तिकडे कसारा घाटातही तेच. म्हणजे घाट चढायचा तर ताकद मागे लावावी लागते, हे रेल्वेला कधीच कळलंय. तुमच्या ग्रुपात ज्यांच्या पायात दम आहे ते सगळे पुढे, आणि मागे तू एकटी. घाटात अशी गाडी अडकली तर कुणी डब्यांना दोष देत नाही.

आता एक हिशेब मांडू. पुढचे लोक वळणावर बसतात. पाणी पितात, चिक्की फोडतात, एकमेकांचे फोटो काढतात. दहा मिनिटांनी तू पोचतेस. तुझा एक पाय अजून खालच्या दगडावर असतो, तोंडाने श्वास चाललेला असतो, आणि कुणीतरी पँट झटकत उठतो: "चला, आली ही. निघू या." त्यांना दहा मिनिटं मिळाली, तुला शून्य. दिवसभरात अशा आठ बैठका धर. ते ऐंशी मिनिटं बसले आणि तुझ्या वाट्याला आठ घोट पाणी आलं. मग संध्याकाळी बुधल्याच्या चढावर तू पाऊण तास मागे पडलीस, याचं नवल नाही. तिथवर तू पोचलीस हेच नवल. आणि हे कुणी मुद्दाम करत नाही, म्हणून तर कुणाच्या लक्षात येत नाही. पुढच्या वेळी घड्याळ लावून बघ.

मला हे कुणी पुस्तकात वाचून दाखवलेलं नाही. मी सव्वीस वर्षांची असताना चौदा जणांना घेऊन रतनगडला गेले होते. लीडर मीच, त्यामुळे अर्थातच सगळ्यांत पुढे. उतरताना शिड्या संपल्या की रान लागतं आणि त्या रानात वाट फुटते: एक खाली रतनवाडीला, दुसरी कात्राबाईच्या खिंडीकडे आणि पुढे पार हरिश्चंद्रगडावर. मी रतनवाडीत आले, अमृतेश्वराच्या देवळाशी सगळ्यांना बसवलं आणि डोकी मोजली. तेरा. पुन्हा मोजली. तेरा. एका मैत्रिणीची धाकटी बहीण बुटातला खडा काढायला टेकली होती, आणि उठून चालायला लागली ती दुसऱ्या वाटेने. रात्री साडेआठच्या सुमारास एक गुराखी तिला घेऊन आला. ती रडत नव्हती, नुसती गप्प होती. त्याने मला विचारलं, "फुडं कोण व्हतं?" मी म्हटलं, "मी." "आन मागं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी कुठल्याही ग्रुपबरोबर निघताना एकच प्रश्न विचारते: शेवटी कोण चालणार? तिथे अनुभवी माणूस लागतो, ज्याला वाट माहीत आहे, ज्याच्याकडे औषधाची पिशवी आहे आणि पुढे जायची घाई नाही असा. तो कुणाच्याही पुढे जात नाही. कुणी लघवीला थांबलं तरी तोही थांबतो. पुढच्याला काम त्या मानाने सोपं: वाट फुटली की थांबायचं, शेवटचा दिसल्याशिवाय हलायचं नाही, आणि तो आला की आणखी पाच मिनिटं बसायचं. ती पाच मिनिटं तुझी.

आता थोडं तुझ्याबद्दल, आणि हे तुला आवडणार नाही. गुडघा ठणकत होता आणि तू हसलीस. का? हळू चालण्यात काही चूक नाही, पण दुखणं लपवणं ही चूक आहे, आणि ती तुझी आहे. ग्रुपला माहीतच नसेल की एकीचा पाय गेलाय, तर ते पुढचे निर्णय चुकीच्या माहितीवर घेतात. त्या रात्री बुधल्याच्या शिडीवर तुझा गुडघा लचकला असता तर? शिवाय पत्राच्या खाली तू जाता जाता लिहिलंयस की सगळ्यांसाठी दशम्या, चटणी आणि भाताचं पातेलं तुझ्या सॅकमध्ये असतं, कारण 'मला त्यातलं कळतं'. बाई गं! सगळ्यांत हळू चालणारीच्या पाठीवर सात जणांचं जेवण, आणि तिची बॅटरी मात्र दुसऱ्याकडे! पातेलं त्या दोरवाल्याला दे. बॅटरी, पाणी, शिट्टी, गरम कपडा आणि थोडा खाऊ, हे ज्याचं त्याच्या पाठीवर, याला अपवाद नाही. लोढणं म्हणजे काय ते खेड्यातल्या माणसाला विचार: पळणाऱ्या गुराच्या गळ्यात बांधतात ते, जनावर हरवू नये म्हणून. तेव्हा तेही काही अगदीच टाकाऊ काम नाही.

आता सांदण. इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण तुमच्या बेतात सगळ्यांत मोठी गोष्ट कुणाच्या बोलण्यात आलेली दिसत नाही.

साम्रद गावातून दहा-पंधरा मिनिटं चाललं की जमीन अचानक चिरलेली दिसते. अकोले तालुक्यातला हा घाटमाथा म्हणजे थरावर थर साचलेला काळा कातळ. त्याच्या भेगेत पाणी शिरत गेलं, आणि आज आपण त्या भेगेच्या तळातून चालतो. दोन्ही बाजूंना सरळ भिंती, काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर बोटं टेकतील असं वाटावं इतक्या जवळ. वर निळी पट्टी. सुरुवातीलाच पाण्याचे दोन टप्पे लागतात. पहिला गुडघा-मांडीपर्यंत, दुसरा कमरेच्या वर, कधी छातीला. पाऊस किती झाला आणि महिना कुठला, यावर हे ठरतं. मग दगड. पाट्यावरवंट्याएवढे, कपाटाएवढे, काही तर रिक्षाएवढे. त्यावरून चढत-उतरत गेलं की रॅपलिंगचा, म्हणजे दोरावरून कडा उतरायचा, पहिला पॅच येतो, साधारण ४५ फुटांचा. पुढे लहान पॅच, मग दरी रुंद होते आणि समोर कोकण उघडतं. इतकी सुंदर जागा आहे की तुला 'जाऊच नकोस' असं मला सांगवणार नाही.

पण गड आणि ही दरी यांत एक फरक आहे. राजगडावर तू कुठल्याही क्षणी म्हणू शकतेस, 'मला नाही जमत, मी खाली जाते.' पाऊलवाट परत जाते. सांदणच्या पहिल्या पॅचवर दोर वरच्या अँकरमधून, म्हणजे कातळात पक्क्या केलेल्या आधारातून, दुहेरी टाकतात. एकेक जण उतरतो. शेवटचा उतरला की खालून दोराचं एक टोक ओढतात, दुसरं टोक वर सरकत जातं, अँकरमधून सुटतं आणि सळसळत खाली येऊन पायाशी पडतं. पुढच्या पॅचला तोच दोर लागतो, म्हणून ओढावाच लागतो. त्या क्षणी तुमची परतीची वाट बंद होते. मागे ४५ फुटांचा गुळगुळीत कातळ, पुढे काहीही असो, आता पुढेच. मग थंडी वाजो, कुणाचा पाय मुरगळो, की कुणाला खालचा पॅच बघून घाम फुटो. म्हणून सांदणमध्ये 'बघू, नाही जमलं तर परत येऊ' हे वाक्य चालत नाही. जे ठरवायचं ते दोर ओढण्याच्या आधी.

आणि तुझ्या गुडघ्याची खरी परीक्षा दोरावर नाही. दोरावर वजन हार्नेसवर, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधलेल्या पट्ट्यांवर असतं. हार्नेस नीट बसला आणि पाय कातळावर टेकवून मागे झुकता आलं, तर तिथे भीती वाटते पण गुडघा फारसा लागत नाही. गुडघा लागतो तो पॅच संपल्यावर, त्या न संपणाऱ्या दगडांवर. प्रत्येक पावलाला उडी, नाही तर बसून घसरणं. डेहेण्यापर्यंत हेच, आणि करोली घाटाने परत साम्रदला यायचं तर वर सगळा घाट चढायचा. तिथे तू मागे पडलीस, तर बुधल्यासारखी चहाची जागा नाही. मोबाईलला रेंज नाही. हिवाळ्यात सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो, पण त्या भेगेत अंधार त्याच्या कितीतरी आधी उतरतो.

वेळेचा अंदाज सांगते. सात जण, एका पॅचला प्रत्येकी दहा ते पंधरा मिनिटं. पहिल्यांदाच दोरावर जाणारे असाल तर पंधराच धर. म्हणजे पहिल्या पॅचवरच दीड-पावणेदोन तास. शनिवार असेल तर तुमच्या आधी दुसऱ्या ग्रुपची रांग. तोवर मागचे भिजलेल्या पँटमध्ये उन्हाचा कवडसाही न येणाऱ्या जागी उभे. दात वाजतात. बोटं आखडलेल्या अवस्थेत कॅराबिनरचा, म्हणजे दोर अडकवायच्या कडीचा, स्क्रू बंद करायचा असतो, आणि तो अर्धवट राहतो तो असाच. तेव्हा सकाळी उजाडताच आत शिरलं पाहिजे, आणि त्यासाठी आदल्या रात्री साम्रदला झोपलं पाहिजे. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर रात्रभर गाडी हाकून पहाटे पोचायचं आणि तसंच उतरायचं, हा बेत असेल तर तो आजच मोडा. डोंगरात घेतलेल्या जोखमीचं सगळे बोलतात, रविवारी रात्री डुलक्या खात गाडी चालवणाऱ्याबद्दल कुणी बोलत नाही.

आता ते दोरवाले महाशय. माझा त्यांच्यावर राग नाही. उत्साह असल्याशिवाय कुणी हजारो रुपये दोरात घालत नाही. पण दोर विकत मिळतो, अँकर तपासायची नजर मिळत नाही. व्हिडिओत सगळं आयतं बांधलेलं असतं. इथे आधीच ठोकलेला बोल्ट किती जुना, त्याच्याभोवती कुणीतरी सोडून दिलेली पट्टी उन्हाने किती कुजलेली, दोर कातळाच्या कुठल्या धारेवर घासतोय, टोकाला गाठ मारली की नाही, हे बघावं लागतं. आणि मुख्य म्हणजे एका जाणकाराने भागत नाही. दोन लागतात. एक वर, प्रत्येकाचा हार्नेस आणि डिसेंडर (दोरावरून उतरताना वेग आवरणारं साधन) तपासून सोडणारा, जो स्वतः शेवटी उतरतो. दुसरा खाली, जो सगळ्यांत आधी उतरतो आणि मग येणाऱ्या प्रत्येकासाठी दोर हातात धरून उभा राहतो. उतरणाऱ्याचा हात सुटला तर खालच्याने दोर ताणला की तो तिथेच थांबतो. तुमचा एकमेव 'शिकलेला' वर असेल तर खाली कोण? खाली असेल तर वर कोण? हा प्रश्न त्याला विचार. भांडणाच्या सुरात नको, खरंच उत्तर हवं म्हणून विचार. खरंच शिकायचं असेल तर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स कर म्हणावं. आपल्याकडेही जुन्या गिर्यारोहण संस्था शिबिरं घेतात.

तोवर साम्रदच्या पोरांना पैसे द्या. हंगामात दर शनिवार-रविवारी ती पोरं याच पॅचवर उभी असतात. या आठवड्यात दुसऱ्या टप्प्यात पाणी किती आहे, कुठल्या दगडाखाली पाय अडकतो, आग्या मोहोळं कुठे लागली आहेत, हे तुमच्या फोनमध्ये नाही, त्यांच्या डोक्यात आहे. (मोहोळावरून आठवलं: अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा, ड्रोन, यातलं काही नको. सुगंधी सहप्रवाशांना आधीच बजाव.) सात जणांत वाटला तर वाटाड्याचा खर्च तुमच्या एका रात्रीच्या हॉटेलच्या बिलापेक्षा जास्त होणार नाही. माझं मत सरळ आहे: तिथल्या जाणत्या माणसांशिवाय पूर्ण सांदण नको. एकट्या तुलाच नव्हे, तुमच्यातल्या कुणालाच नको. फेब्रुवारीतही अवकाळीचा इशारा असेल तर बेत रद्द करायचा. घाटमाथ्यावर पडलेलं पाणी त्या भेगेतूनच खाली येतं, आणि भेगेत बाजूला व्हायला जागा नसते. पावसाळ्यात तर नावच काढायचं नाही.

मग ग्रुपवर काय लिहायचं? 'प्लीज हळू चाला' असं लिहू नकोस. त्यावर दोन हसरे चेहरे येतील आणि विषय संपेल. असं लिही: "मला सांदणला यायचंय. तोरण्याला मी पाऊण तास एकटी अंधारात होते आणि गुडघा दुखत होता, ते तेव्हा सांगितलं नाही, चूक झाली. या वेळी शेवटी कोण चालणार ते आधी ठरवू या. गावातले दोन जण दोरासाठी घेऊ. पहिल्या पॅचवर दहापर्यंत नाही पोचलो, किंवा कुणालाही नको वाटलं, तर दोर न टाकता सगळे परत फिरू. हे पटत असेल तर मी जेवणाचं बघते, पातेलं मात्र कुणीतरी दुसऱ्याने उचलायचं." 'कुणालाही' हा शब्द ठेव. घाबरलेली तू एकटीच आहेस हा तुझा समज आहे. सात जणांच्या ग्रुपात आणखी एक-दोन जण तरी मनातून म्हणत असतील, कुणीतरी बोला रे. आणि परत फिरायची वेळ घरी बसून, पोट भरलेलं असताना ठरवायची. पॅचच्या काठावर उभं राहिलं की सगळेच शूर होतात.

बेत ठरला की तो कागदावर उतरवून घरी कुणाकडे तरी दे: कुठून शिरणार, कुठे निघणार, वाटाड्याचा नंबर, आणि 'रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळव'. खाली रेंज नसते, त्यामुळे तुमच्या वतीने काळजी करायला वर कुणीतरी हवं.

तुझ्याकडे अजून थोडे आठवडे आहेत. आधी हाडांच्या डॉक्टरकडे जाऊन ये. ते हो म्हणाले तर आठवड्यातून एकदा आतकरवाडीतून सिंहगड कर, पण वर किती मिनिटांत पोचलीस ते मोजू नकोस. उतरण्यावर लक्ष दे. लहान पावलं, काठी, गुडघा किंचित वाकलेला. आणि कुठे तरी प्रशिक्षकाच्या हाताखाली एखादा वीस-पंचवीस फुटांचा कातळ दोराने उतरून बघ. पहिल्यांदा मागे झुकताना पोटात गोळा येतो तो सांदणमध्ये यायला नको, त्याच्या आधीच येऊन जाऊ दे.

ग्रुपने नाही म्हटलं तर? तरीही साम्रदला जा त्यांच्याबरोबर. गावातल्या एका माणसाला सोबत घेऊन दुसऱ्या टप्प्यापर्यंत आत जाऊन ये, बूट पायात ठेवूनच पाण्यात उतर, तळाचे दगड शेवाळलेले असतात. भिंतींमध्ये उभी राहून वर बघ. मग परत ये, कुणाच्या तरी ओट्यावर बसून नाचणीची भाकरी आणि पिठलं खा. यात कमीपणा काही नाही, मी स्वतः हल्ली एवढंच करते.

आणि जाता जाता ग्रुपवर एक साधा प्रश्न टाक: सगळे डेहेण्याला उतरले तर साम्रदला उभी केलेली गाडी खाली कोण आणणार? डेहेणे शहापूर तालुक्यात. रस्त्याने यायचं तर घोटी, इगतपुरी, कसारा असा सगळा वळसा आहे. माझी पैज आहे, हे अजून कुणाच्याच डोक्यात आलेलं नसेल. उत्तर काय येतं ते मला कळव.

तुझी,
ताई